गोंगाटाचे समग्र वाङ्मय

प्रायोगिक पोस्ट-पंक बँडच्या समग्र बॉक्स सेटबाबत सर्वांत आधी लक्षात घ्यायची बाब म्हणजे त्याचे वजन. बँड चालू असताना त्याला जितके कमी लोक ऐकत, तितका त्याचा संच पुढे जड भरतो. लाखोंनी खपलेल्या गायकाची निवडक वीस गाणी एका चकतीवर बसतात आणि एसटी स्टँडवरच्या दुकानात मिळतात. ज्या बँडच्या कार्यक्रमातून अर्धे लोक मध्यंतराचीही वाट न पाहता घरी जात, त्याला मात्र सहा चकत्या, जाड पुस्तिका आणि खणखणीत पुठ्ठ्याची पेटी लागते. या उफराट्या प्रमाणाला अपवाद फार थोडे आहेत.

हा प्रकार कोणता तेही सांगितले पाहिजे. १९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडात पंक नावाची चळवळ उसळली. गिटारचे तीन कॉर्ड, फाटका शर्ट आणि भरपूर संताप एवढे भांडवल तिला पुरत होते. जानेवारी १९७८ मध्ये तिचा म्होरक्या बँड, सेक्स पिस्टल्स, अमेरिकेच्या दौऱ्यात सॅन फ्रान्सिस्कोला मोडला. मागे उरलेल्या मंडळींच्या असे ध्यानात आले, की संताप पुष्कळ शिल्लक आहे, पण तीन कॉर्ड वाजवून संपले. मग कोणी जमैकाच्या डब संगीतातला बास आणला, कोणी टेप कापून तिची टोके एकमेकांना चिकटवली, कोणी बिघडलेला रेडिओ वाद्य म्हणून मांडीवर घेतला, आणि ज्यांना काहीच वाजवता येत नव्हते त्यांनी तीच आपली भूमिका असल्याचे जाहीर केले. या सगळ्याला पोस्ट-पंक म्हणतात. सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने २००५ मधल्या आपल्या जाडजूड इतिहासात त्याचा काळ १९७८ ते १९८४ असा धरला आहे. सहा-सात वर्षांचा मामला. त्यावरचे संच मात्र अजून निघतच आहेत.

पंथाची तत्त्वे कडक होती. जुन्याच्या आठवणी काढायच्या नाहीत, तेच गाणे पुन्हा तसेच वाजवायचे नाही, कंपनीला खूश करायचे नाही, आणि कोणत्याही कप्प्यात बसायचे नाही. बॉक्स सेट हा या चारही तत्त्वांचा एकत्रित दशक्रियाविधी होय. त्यात सगळे जुनेच असते, तेच गाणे पाच वेळा असते, कंपनी खूश असते, आणि प्रत्येक चकतीला तिच्या मापाचा कप्पा असतो.

पेटीचे वेड या लोकांना म्हातारपणी लागले असेही म्हणता येत नाही. सेक्स पिस्टल्समधून बाहेर पडलेल्या जॉन लायडनने १९७८ मध्ये पब्लिक इमेज लिमिटेड हा बँड काढला. नोव्हेंबर १९७९ मध्ये त्याचा दुसरा अल्बम आला. नाव ‘मेटल बॉक्स’, आणि आला तोही खरोखर पत्र्याच्या गोल डब्यात, सोळा मिलिमीटरची फिल्म ठेवतात तसल्या. आत बारा इंची तीन तबकड्या कागदाचे गोल तुकडे मध्ये घालून इतक्या गच्च बसवल्या होत्या, की ओरखडा न पाडता त्या बाहेर काढणे हे कौशल्याचे काम होते. ओरखडा पडलाच, तर नवा आवाज कोणता आणि मूळचा कोणता हे ठरवणे त्याहून कौशल्याचे. डब्याचा खर्च एवढा झाला, की बँडला दिलेल्या आगाऊ रकमेतला काही भाग कंपनीने परत घेतला आणि लवकरच, १९८० मध्ये, तेच संगीत साध्या कागदी वेष्टनात ‘सेकंड एडिशन’ या नावाने बाजारात आणले. २०१६ मध्ये याच अल्बमची भव्य आवृत्ती निघाली तेव्हा डबा पुन्हा पत्र्याचाच ठेवला, फक्त तो चौकोनी केला. सदतीस वर्षांत विचाराची एवढी प्रगती झाली. इकडे नागपुरात पत्र्याच्या डब्यामागे इतके चिंतन नसते. त्यात चिवडा ठेवतात, आणि झाकण निघाले नाही तर चमच्याच्या दांड्याने उचकटतात.

मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीने १९८० मध्ये दुरुती कॉलम या बँडचा पहिला अल्बम काढला, त्याचे वेष्टन सुताराच्या पॉलिश पेपरचे होते. हेतू असा, की हा अल्बम कपाटातून काढताना आणि ठेवताना शेजारच्या अल्बमांची कव्हरे घासून खराब व्हावीत. कल्पना फ्रान्सच्या गी दबोर या विचारवंताच्या १९५९ मधल्या पुस्तकावरून उचललेली होती. त्यालाही असेच खरखरीत कव्हर होते. ही वेष्टने चिकटवण्याचे काम त्याच कंपनीच्या जॉय डिव्हिजन या बँडकडून करून घेण्यात आले, म्हणजे पुढे ज्यांच्या संचांवर कंपन्या जगल्या त्यांनी आरंभी डिंकाचा डबा हाती धरला होता. गंमत अशी, की त्या खरखरीत कव्हरच्या आत व्हिनी रायलीची अत्यंत मृदू गिटार होती. शेजाऱ्याला त्रास आतल्या आवाजाचा नव्हता, नुसत्या पाकिटाचा होता.

याच कंपनीने आपल्या प्रत्येक गोष्टीला अनुक्रमांक देण्याची पद्धत पाडली. पहिला क्रमांक रेकॉर्डला मिळाला नाही, एका पोस्टरला मिळाला. ५१ हा त्यांच्या नाइट क्लबला गेला, १९१ त्या क्लबमधल्या मांजराला, आणि कंपनीचा संस्थापक टोनी विल्सन २००७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला ५०१ हा क्रमांक देण्यात आला. संग्राहक ही जात निर्माण कशी झाली असे ज्यांना कोडे पडते, त्यांनी या यादीकडे पाहावे. क्रमांक दिसला की पुढचा आणि मागचा मिळवल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, अशा माणसांपुढे कंपनीने मांजरालाही क्रमांक घालून ठेवला. तो मिळवता येत नाही याचे दुःख काहींना अजून आहे.

थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने तर कारकीर्द संपण्याची वाट पाहिली नाही. ती चालू असतानाच त्यांनी आपल्या कार्यक्रमांच्या चोवीस कॅसेटी एका अटॅचीत घालून विकायला काढल्या. नाव ‘ट्वेंटी-फोर आवर्स’. यंत्रांची घरघर, किंकाळ्या आणि फाटका आवाज यांचा हा संच सलग ऐकायचा तर एक अहोरात्र लागते. तशी अटॅची नागपुरात पूर्वी हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मुंबईहून आलेल्या प्रत्येक साहेबाच्या हातात दिसे. तिच्यातही दरवर्षी तेच असे, आणि तेही शेवटपर्यंत ऐकल्याचे कोणी सांगत नाही.

आता प्रत्यक्ष समग्र संचाकडे वळता येईल. अभ्यासासाठी सर्वांत सोयीचा नमुना म्हणजे धिस हीट या लंडनच्या बँडचा ‘आउट ऑफ कोल्ड स्टोरेज’ हा २००६ मधला संच. बँड तिघांचा: चार्ल्स बुलन, चार्ल्स हेवर्ड आणि गॅरेथ विल्यम्स. पहिला कार्यक्रम फेब्रुवारी १९७६ मध्ये, म्हणजे पंक नीट सुरू होण्याआधी. यांना पोस्ट-पंक म्हणतात ते केवळ नाइलाजाने. दोघे कसलेले वादक होते, तिसऱ्याला वाजवता येत नव्हते, आणि तिघांचे मत एकच होते की त्यामुळे काही अडत नाही. सरावाची जागा लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या एका बंद पडलेल्या ‘मीट पाय’च्या कारखान्याचे शीतगृह. जाड भिंतींमुळे आवाज बाहेर जात नसे, हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने बँडच्या कारकिर्दीतला सर्वांत सुश्राव्य भाग. संचाचे नाव त्या शीतगृहावरूनच आले आहे.

या बँडचे एकूण कर्तृत्व मोजायला बोटे पुरतात. १९७९ मध्ये एक अल्बम, १९८१ मध्ये ‘डिसीट’ हा दुसरा, आणि मध्ये १९८० साली दोन बाजूंची एक बारा इंची तबकडी. १९८२ मध्ये कारभार आटोपला. एवढ्या ऐवजावर सहा चकत्यांची पेटी उभी आहे. ते कसे साधले हे पाहणे उद्बोधक ठरते. दोन अल्बमांच्या दोन चकत्या. बारा इंची तबकडीत जेमतेम वीस मिनिटांचा माल, तरी तिला स्वतंत्र चकती. चौथीत १९७७ मधली बीबीसीची ध्वनिमुद्रणे. पाचवीचे नावच ‘रिपीट’. पहिल्या अल्बममध्ये टेपच्या वेटोळ्यावर रचलेली जी एक रचना होती, तीच इथे वीस मिनिटांपर्यंत फिरवली आहे. नावात फसवणूक नाही, एवढे मान्य करावे लागते. सहावी प्रत्यक्ष कार्यक्रमांची, १९८०-८१ ची. पाच चकत्या ज्यांच्याकडे आधीपासून होत्या त्यांनी संपूर्ण पेटी या सहाव्या चकतीसाठी विकत घेतली. बॉक्स सेटच्या अर्थशास्त्राचा हा पाया आहे. संच नव्या श्रोत्यासाठी काढला आहे असे प्रस्तावनेत म्हणतात, पण नवा श्रोता इतके पैसे घालत नाही. घेणारा तोच असतो, ज्याच्याकडे सगळे आहे.

मधल्या तबकडीबद्दल थोडे अधिक. तिच्या दुसऱ्या बाजूची रचना १६, ३३, ४५ किंवा ७८ यांपैकी कोणत्याही गतीने वाजवावी अशी मुभा बँडने दिली होती. इंग्लंडात हे धाडस मानले गेले. विदर्भात सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरने लग्नाच्या मांडवात सनईवर हाच प्रयोग कितीतरी वेळा केला आहे, आणि त्याचे श्रेय कोणी घेतले नाही.

गॅरेथ विल्यम्स, म्हणजे वाजवता न येणारा तिसरा, बँड सोडून केरळात कथकली शिकायला आला. पुढे ‘रफ गाइड टू इंडिया’ या जाडजूड प्रवासपुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या लेखकांत त्याचे नाव आहे. गोंगाट करून थकलेला युरोपीय माणूस शांतता शोधायला भारतात येतो, हे नेहमीचेच. हा मात्र चेंडा आणि मद्दळम यांच्या गजरात येऊन बसला. माणूस आपल्या मताचा पक्का असावा. २००१ मध्ये तो वारला. उरलेल्या दोघांनी २०१६ मध्ये, पहिल्या कार्यक्रमाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, नव्या साथीदारांसह पुन्हा वाजवायला सुरुवात केली, पण जुने नाव घेतले नाही. नव्या जमावाचे नाव ठेवले ‘धिस इज नॉट धिस हीट’. महाराष्ट्रात पक्षाचे मूळ नाव आणि खूण कोणाची यासाठी निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तारखा पडतात. इथे एका गटाने स्वतःहून लिहून दिले, की आम्ही ते नव्हे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात या उदाहरणाला जागा मिळायला हरकत नाही.

इतर संचांची मांडणी याच धर्तीची असते, म्हणून ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. जॉय डिव्हिजनचे अल्बम दोन. १९९७ मधला ‘हार्ट अँड सोल’ हा संच चार चकत्यांचा. द फॉल या बँडमध्ये मार्क ई. स्मिथ हा एकटा कायम आणि बाकीचे साठांहून अधिक येऊन-जाऊन. त्यांनी बीबीसीच्या जॉन पीलसाठी १९७८ पासून २००४ पर्यंत चोवीस ध्वनिमुद्रणे केली, ती २००५ मध्ये सहा चकत्यांत आली. सगळ्या पेट्यांत ‘पूर्वी अप्रकाशित’ असा एक विभाग असतो. तो पूर्वी का अप्रकाशित राहिला, हे पहिल्या मिनिटात कळते. पुस्तिकेत एक दीर्घ लेख असतो, त्यात बँड काळाच्या पुढे होता असे सिद्ध केलेले असते. छायाचित्रात तीन किंवा चार हडकुळे तरुण विटांच्या भिंतीपुढे उभे असतात आणि कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. कार्यक्रमाच्या जुन्या तिकिटाची हुबेहूब प्रत आत घातलेली असते. मूळ तिकीट घेऊन जेवढे लोक आले होते, त्याच्या कित्येक पट या प्रती छापल्या जातात.

असा संच नागपुरात येतो तेव्हा त्याच्या आयुष्याचा खरा भाग सुरू होतो. मागवणारी व्यक्ती सहसा पन्नाशीच्या आसपासची. हे संगीत तिने ऐन तारुण्यात अभियांत्रिकीच्या वसतिगृहात, कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेटवर ऐकलेले असते. त्या कॅसेटीत निम्मा आवाज टेपच्या खरखरीचा होता. संचातल्या चकतीवर ती खरखर काढून टाकलेली असल्याने प्रथम श्रवणी काहीतरी गहाळ झाल्यासारखे वाटते. चांगल्या जाणकारांचाही इथे गोंधळ होतो.

पार्सल परदेशातून मुंबईमार्गे येते. वस्तूच्या किमतीवर आणि टपालखर्चावर जकात बसते. त्यामुळे प्रत्येक संचाच्या तीन किमती होतात: दुकानाने घेतलेली, जकातीसह पडलेली, आणि घरी सांगितलेली. यांतली शेवटची पहिल्या दोहोंपेक्षा नेहमीच कमी असते. ती किती कमी ठेवायची याला एक मर्यादा आहे. फारच कमी सांगितली, तर घरून ‘मग माझ्या भावासाठीही एक मागव’ अशी सूचना येते.

पेटी पाहून पहिला अंदाज भांड्यांच्या सेटचा केला जातो, दुसरा मिक्सरचा. आत गाणी आहेत हे कळल्यावर क्षणभर कोणी बोलत नाही. मग एवढ्या मोठ्या खोक्यात एवढीच गाणी का, हा रास्त प्रश्न येतो. त्याचे उत्तर पुस्तिकेतल्या चाळीस पानांत असते, पण ते घरात वाचून दाखवण्याची सोय नसते. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या वेळेला पहिली चकती लागते. पाच मिनिटांत व्हरांड्यातून घरच्या वडीलधाऱ्यांचा आवाज येतो, “काय वाजवून राहिला बे? मिक्सरमध्ये खडा गेला काय?” आतल्या खोलीतून आई सुचवते, “पिन अडकली ना बाप्पा, पाहा जरा.” पिन नसलेल्या यंत्राबद्दलही ही सूचना होते. धिस हीटच्या बाबतीत ती समीक्षा म्हणून फारशी चुकीची नाही. टेपचे वेटोळे म्हणजे मुद्दाम अडकवलेली पिनच, आणि हे आईला पुस्तिका न वाचता कळलेले असते.

उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. चौकशीत उपकरणाचा बिघाड निघाला. प्रायोगिक संगीताच्या व्याख्येत बिघाडाने दिलेला आकडा चपखल बसतो, पण हवामान खाते त्या पंथाचे नाही. अशा हवेत तबकड्यांचा संच बंद गाडीत दुपारभर राहिला, तर विनाइल मऊ पडून कडा वर येतात आणि सुई जहाजासारखी हेलकावे खाऊ लागते. गच्चीखालचा माळाही धोक्याचा. चकत्यांना, म्हणजे सीडींना, हे भय कमी. म्हणून जाणते नागपूरकर तबकड्यांची भव्य आवृत्ती केवळ छायाचित्रात पाहतात आणि मागवतात सीडींची.

ऐकण्याचा प्रश्न मात्र दोन्ही पक्षी सारखाच. मार्च संपता संपता खिडकीत कूलर बसतो. लोखंडी पत्र्याचे अंग, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत पंप आणि पंखा. त्याचा आवाज एकसुरी असतो असे बाहेरच्या पाहुण्यांना वाटते. नीट ऐकले तर पंख्याची खालची घरघर, पंपाचा मधला सूर, पाण्याची टपटप आणि सैल झालेल्या जाळीचा ठेका असे चार थर ओळखू येतात, आणि टाकीतले पाणी कमी होऊ लागले की पंप हळूहळू वर चढतो. जाळीच्या ठेक्यावर बँडच्या ढोलकऱ्याने कुठे जोर दिला आहे हे नागपुरात मे महिन्यात सांगता येत नाही. कूलर बंद करून संच ऐकावा, तर माणूस टिकत नाही. चालू ठेवून ऐकावा, तर कूलर जास्त चांगला वाजवतो. त्यामुळे नागपुरात या संगीताचा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत धरला जातो.

गोंगाट म्हणून या संगीताने कोणाला धक्का द्यावा, तर नागपुरात ते कठीणच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागातून मारबत नावाच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघत असल्याचे सांगतात. ढोलताशे, आरोळ्या आणि गर्दी यांच्या बरोबर बडगे असतात: भ्रष्टाचार, महागाई, जो कोणी त्या वर्षी डोक्यात गेला असेल त्याचा पुतळा आणि त्यावर टोचून लिहिलेले फलक. ‘ईडा पीडा घेऊन जा’ म्हणत सगळे गावाबाहेर नेऊन जाळतात. सरकारवर राग, हाताने लिहिलेली पाटी, कर्कश आवाज आणि परंपरेचा धिक्कार, तोही परंपरेने. लंडनच्या मंडळींना जे १९७६ मध्ये सुचले त्याला इथे तोवर पंच्याण्णव वर्षे झाली होती. फरक फक्त जपणुकीत. इथे दरवर्षीचा माल त्याच दिवशी राख होतो, त्यामुळे अप्रकाशित बडग्यांचा सहा खंडांतला संच निघत नाही. पुढच्या वर्षी नवी चीड नव्याने बांधावी लागते.

जपणुकीचीही नागपुरात परंपरा आहेच. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मंडळ काढले ते नागपुरात. पुढे काम पुण्याला गेले, हे जुने नागपूरकर अजून विसरलेले नाहीत. १९२० च्या दशकात त्याचे तेवीस खंड तयार झाले. घरात ते ओळीने उभे असणे याला एक प्रतिष्ठा होती, आणि मधला एखादा खंड कोणी वाचायला नेला तर ओळीत पडलेल्या खिंडाराचे दुःख ज्ञानाच्या आनंदाहून मोठे असे. बॉक्स सेट शोकेसमध्ये जातो तो त्याच वारशाने. एका बाजूला सुनेच्या माहेरचा काचेचा डिनर सेट, दुसऱ्या बाजूला ताडोब्याहून आणलेला लाकडी वाघ, मध्ये ‘आउट ऑफ कोल्ड स्टोरेज’. तिन्ही वापरात नाहीत, आणि तिन्ही पाहुण्यांना दाखवले जातात. ‘गीत रामायणा’च्या छप्पन्न गीतांचा कॅसेट-संच याच फळीवर पूर्वी होता. तो मात्र इतका वाजला, की कॅसेटी झिजून गेल्या आणि खोके सुयादोऱ्याला लागले. या संचाची पेटी शंभर वर्षे सुयादोऱ्याला लागणार नाही, इतकी ती कोरी राहते.

एका प्रकारात मात्र दोन्ही पंथ अनपेक्षितपणे एकत्र आले आहेत. देवाच्या वस्तूंच्या दुकानांत प्लॅस्टिकची एक छोटी डबी मिळते. प्लगमध्ये खोचली की गायत्री मंत्र किंवा नामजप न थांबता चालू राहतो. घरची मंडळी बाहेरगावी गेली तरी जप चुकत नाही. चीनमधल्या बौद्ध देवळांत अशाच डब्या असतात. त्यांच्यावरून बीजिंगच्या एफएम-थ्री या जोडीने २००५ मध्ये नऊ स्वरवेटोळी असलेली ‘बुद्धा मशीन’ काढली, आणि २००९ मध्ये त्याच धर्तीवर थ्रॉबिंग ग्रिसलची ‘ग्रिसलइझम’ नावाची डबी निघाली, तेरा वेटोळ्यांची. चोवीस कॅसेटींच्या अटॅचीचा प्रवास अशा रीतीने खिशात मावणाऱ्या, बंद न पडणाऱ्या डबीत येऊन थांबला. नागपूरच्या देवघरात ती मंत्राच्या डबीशेजारी ठेवली, तर पहिले काही तास फरक कळणार नाही. कळल्यावर मात्र ती ठेवणाऱ्याला घरात राहणे अवघड जाईल.

संचाच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा म्हणजे पुढची आवृत्ती. ‘समग्र’ या विशेषणाला या व्यवसायात साधारण दहा वर्षांची मुदत असते. २०१६ मध्ये धिस हीटचे दोन्ही अल्बम आणि ती बारा इंची तबकडी पुन्हा स्वतंत्रपणे, नव्या तबकड्यांवर निघाली. संच असलेल्या नागपूरकराला हे कळले की तो प्रथम म्हणतो, आपल्याकडे सगळे आहे. मग नव्या प्रतीत आवाज अधिक स्वच्छ आहे असे तो कुठेतरी वाचतो. मागवण्याआधी जुना संच विकून खर्च भागवावा, असा व्यवहारी विचार येतो. रद्दीवाला पेटी हातात तोलून पाहतो, पुठ्ठ्याचा भाव सांगतो आणि चकत्या परत देतो. नागपुरात दुसरे गिऱ्हाईक मिळत नाही. मिळते ते पुण्याला. त्याला सहावी चकती तेवढी हवी असते, पहिल्या पाच त्याच्याकडे आहेत, आणि टपालखर्च विकणाऱ्याने द्यावा असे त्याचे म्हणणे असते.